नेव्हीकाका, मॉप पूर्ण आहेत

तीर्थस्वरूप नेव्हीकाकांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

ज्यांच्या घरात लहानपणी दिवसातून दहादा शिरत होते, त्यांना पत्र लिहायचं म्हणजे गंमतच आहे. पण समोर बसून बोलले तर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही. उरलेलं निम्मं काकू ओरडून सांगतात आणि त्यात स्वतःचं घालतात. शिवाय कौतुकाचं काही सुरू झालं की तुमचं कानाचं मशीन नेमकं खिशात जातं. म्हणून लिहून देतेय, आणि चारचौघांनी वाचावं असं लिहितेय. सोसायटीतल्या नव्या लोकांना तुमच्याबद्दल एवढंच ठाऊक आहे, की हे आजोबा जिन्यातल्या चपला सरळ लावायला लावतात.

आभार मानायचे आहेत ते मोजायला शिकवल्याचे. बाकी उपकार बरेच आहेत, ते ओघात येतील.

आमच्या बिल्डिंगमागच्या मोकळ्या प्लॉटवर आम्ही अनवाणी खेळायचो. तुम्ही एका रविवारी खाली आलात आणि सगळ्या पोरांना आडव्या रांगेत उभं केलंत. हातभर अंतर, माना खाली, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत चालायचं. काच, खिळा, तार दिसेल ते उचलायचं. त्याशिवाय बॅटला हात लावायचा नाही. आम्हाला वाटलं, शिक्षाच आहे ही. मग तुम्ही विक्रांत या विमानवाहू जहाजाची गोष्ट सांगितलीत.

निफाड तालुक्यातला मुलगा सतराव्या वर्षी, १९६४ साली, नौदलात जातो आणि थेट विमानांच्या इंजिनांपाशी पोचतो, हे मला आजही नवलाचं वाटतं. सी हॉक विमानांची ती ३०० क्रमांकाची स्क्वॉड्रन, 'व्हाइट टायगर्स'. गोव्याला दाबोळीचा आयएनएस हंसा हा तिचा तळ, आणि समुद्रावर गेलं की विक्रांतचं डेक. दोनशे मीटरहून थोडं लांब असलेल्या त्या लोखंडी पट्ट्यावर वाफेच्या कॅटापल्टनं विमान फेकायचं आणि परत येताना त्याच्या शेपटीचा हूक तारेत अडकवून थांबवायचं. उड्डाणाआधी डेकवर तीच आडवी रांग, तशीच खाली मान. सी हॉकचं नीन इंजिन मिनिटाला बारा हजारांच्या घरात फिरायचं. ते समोरची हवा ओढताना हवेबरोबरचा नटही ओढणार; आणि एवढासा नट आत गेला की इंजिन गेलं, कदाचित वैमानिकही. "रांगेत कोण साहेब आणि कोण खलाशी, ते नट बघत नाही," असं तुम्ही म्हणाला होतात. आम्ही पोरं त्या दिवसापासून प्लॉटला डेक म्हणायला लागलो.

युद्धाचं मात्र तुम्ही कधी रंगवून सांगितलं नाहीत. जे कळलं ते काकूंकडून. १९७१च्या डिसेंबरात विक्रांत बंगालच्या उपसागरात होती. बॉयलरला तडा गेलेला, त्यामुळे जहाज पूर्ण वेगानं पळू शकत नव्हतं. वेग कमी म्हणजे डेकवर समोरून मिळणारा वारा कमी, आणि विमान उडायला तो वारा तर हवा. तरी ४ डिसेंबरला सी हॉक कॉक्स बझार आणि चितगावावर गेली. विक्रांतला शोधत आलेली पाकिस्तानची गाझी पाणबुडी आदल्या रात्रीच विशाखापट्टणमजवळ बुडाली होती. यातलं काकूंना काहीच माहीत नव्हतं. त्या सासरी, दिवस भरत आलेले, आणि आळीत रेडिओ एकच. ९ तारखेला दीवजवळ आपल्या नौदलाचं खुखरी जहाज बुडालं, १९४ जण गेले. तुमचं जहाज पार दुसऱ्या समुद्रात आहे हे काकूंना सांगणारं कोणी नव्हतं. 'नौदलाचं जहाज बुडालं' एवढीच बातमी गावात फिरत होती. पुढं फ्लीट मेल ऑफिसमार्फत तुमचं पत्र आलं. त्यात युद्धाचा शब्द नाही. उन्हाळ कांद्याची लागण झाली का आणि विहिरीला पाणी किती आहे, एवढंच विचारलेलं. काकू ते अजून जपून ठेवतात आणि अजून त्याच्यावरून चिडतात.

ताई, तुमची मुलगी, जन्मली तेव्हा तुम्ही घरी नव्हतात. तिला पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा ती तुमच्याकडे बघून रडली होती, हे काकू सांगतात आणि तुम्ही उठून गॅलरीत जाता. पंधरा वर्षं पुरी झाल्यावर तुम्ही नौदलात मुदत वाढवून घेतली नाहीत ती यासाठीच, असं मला वाटतं. तुम्ही कधी कबूल करणार नाही.

मग ओझर. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते आणि खासदारही नाशिकचेच. त्यांच्या काळात मिग या लढाऊ विमानांचा कारखाना ओझरला आला. इंजिनं कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा आपल्याकडे. कारखाना हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, पण नाशिकमध्ये कोणी एचएएल म्हणत नाही, 'मिगला आहे' म्हणतात. तुम्ही १९८० पासून निवृत्तीपर्यंत मिगला होतात. मिग-२१, मग मिग-२७, आणि शेवटी शेवटी सुखोई. आमच्या घरातलं घड्याळ बंद पडलं तरी चालायचं. कंपनीची बस कोपऱ्यावर आली की आई गॅस पेटवायची. ड्रॉइंगं बघून बघून तुम्हाला रशियन अक्षरं लावता यायला लागली होती, आणि त्याचा उपयोग पुढं एकदाच झाला, बाबांच्या मित्रानं आणलेल्या जुन्या कॅमेऱ्याच्या डबीवर काय लिहिलंय ते वाचायला.

तुमच्या घरातली हत्यारांची फळी मला पाठ आहे. लाकडी फळीवर प्रत्येक पान्याची, पकडीची बाह्यरेषा काळ्या रंगानं काढलेली, आणि त्यावर ते हत्यार टांगलेलं. एक जरी काढलं तरी रिकामी आकृती दारातूनच दिसायची. मी स्क्रू ड्रायव्हर मागायला आले की तुम्ही त्या जागी माझ्या नावाची चिठ्ठी अडकवायचात. कामावर हेच पितळी बिल्ल्यांनी होतं, हे तुम्ही सांगितलंत: हत्यार घ्यायचं तर आपला बिल्ला तिथं लटकवायचा. पाळी संपली आणि बिल्ला अजून लटकलेला असेल, तर कोणी घरी जायचं नाही आणि विमान जागचं हलवायचं नाही. पॅनल बंद करण्याआधी मोजायचं, आणि बंद केल्यावर सही करायची ती ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्यानंच. काकूंचं म्हणणं, "माझे चमचेसुद्धा मोजतात मेले!" पण काकू, तुमचे चमचे पूर्ण आहेत ना?

बारावीनंतर मी नर्सिंगचं नाव काढलं तेव्हा घरात काय झालं होतं ते तुम्ही पाहिलंत. आत्या म्हणाली रात्रपाळी, बाबा म्हणाले लोकांची घाण काढायची. तुम्ही खाली आलात, चहा घेतलात आणि भाषण अजिबात केलं नाहीत. मुंबईला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात अपेंडिक्सच्या ऑपरेशनला पडला होतात, त्याची गोष्ट सांगितलीत. "तिथल्या सिस्टर आल्या की आम्ही पडल्या पडल्या सावधान व्हायचो. त्या अधिकारी, खांद्यावर लेफ्टनंटचे तारे. आम्ही त्यांना सॅल्यूट ठोकायचो." बाबा गप्प झाले. सिस्टरला सॅल्यूट करतात हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. कर्जाला जामीन राहिलात तेव्हा बँकेतले साहेब म्हणाले, इथं, इथं आणि इथं सही करा. तुम्ही खुर्ची ओढून सगळे कागद वाचायला बसलात, मागची रांग कुरकुरली, आणि तुम्ही मला प्रत्येक कलमाचा अर्थ विचारलात. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आता मी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, आहे. ऑपरेशनला सुरुवात करण्याआधी मॉप (रक्त टिपायच्या कापडी घड्या), गॉझ, सुया, आर्टरी फोर्सेप्स, सगळं दोघींनी मिळून मोठ्यानं मोजायचं आणि फळ्यावर लिहायचं. पोट बंद करण्याआधी पुन्हा, कातडी शिवण्याआधी पुन्हा. पोटात राहिलेला मॉप म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या पॅनलच्या आत राहिलेल्या पान्यासारखाच तो, फक्त इथं विमानाला ताप येतो.

एका रात्री, कोणत्या रुग्णालयात ते सांगत नाही, मॉप एक कमी भरला. सर्जन दमलेले, पेशंटला भूल चढवून बराच वेळ झालेला. ते म्हणाले, "मी बघितलंय आत, काही नाही. शिवतो." मी म्हटलं, "सर, एक मॉप कमी आहे." त्यांनी आवाज चढवला. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, चढ्या आवाजात नाही, फक्त पुन्हा. माझ्या डोळ्यांसमोर तुमच्या फळीवरची रिकामी आकृती होती, खोटं कशाला बोलू. शेवटी मॉप सापडला बादलीत, दुसऱ्या मॉपला चिकटलेला. म्हणजे सर्जन बरोबर होते. सगळ्यांनी माझ्याकडे जसं बघायचं तसं बघितलं.

दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे येऊन हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, तुम्ही समजूत काढाल. तुम्ही एकच विचारलंत, "टाके मॉप सापडायच्या आधी घातले की नंतर?"

"नंतर."

"मग झालं," म्हणालात, आणि पेपर उघडलात. त्या दोन शब्दांवर माझी पुढची सगळी नोकरी चालली आहे.

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट मी प्रशिक्षणात ऐकली होती, ती पुन्हा लिहिते, कारण मी सांगत होते तेव्हा मशीन खिशात होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी काढली. मोजणी पूर्ण आहे का, हे त्यात मोठ्यानं विचारावं लागतं. ती बनवणाऱ्या गटाचे प्रमुख बोस्टनचे सर्जन अतुल गवांदे. त्यांचे वडील मूळचे आपल्या उमरखेडजवळच्या उटीचे. यादी कशी असावी हे गवांदे कुठं शिकले? बोइंगमध्ये, वैमानिकांसाठी याद्या बनवणाऱ्या माणसाकडून. आणि वैमानिकांकडे ती आली १९३५ साली. ओहायोत बोइंगचं नवं मोठं विमान पडलं, कारण शेपटीच्या पंखांची कुलपं काढायला विसरले होते. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यांवर आलं. वर्गात सगळ्या टाचणं काढत होत्या आणि मी मनात म्हणत होते, हे तर आमच्या वरच्या मजल्यावर आहे.

तुमच्या काही गोष्टी मला पटत नाहीत, त्याही लिहूनच टाकते. मिग-२१ला लग्नाकार्यात कोणी 'उडती शवपेटी' म्हटलं की तुम्ही तोंड मिटून बसता. बोला ना काका. एकदाच बोललात: "वैमानिकाच्या आईनं म्हटलं तर मान खाली घालून ऐकेन. यांचं कशाला ऐकू?" तेवढं तरी त्यांना ऐकवायचं होतं. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१चा निरोप झाला तेव्हा तुम्ही टीव्हीसमोर शर्ट खोचून, बूट घालून बसला होतात. ताईनं फोटो पाठवला. आणि विक्रांत २०१४ साली भंगारात निघाल्यावर तिच्या पोलादाची मोटरसायकल निघाली, तेव्हा शोरूममध्ये जाऊन टाकीवर हात ठेवलात आणि सेल्समनला काय विचारलंत, तर मायलेज! ती गाडी घ्यायला हवी होती. काकूंचंही हेच मत आहे.

२०२५च्या ऑक्टोबरात ओझरला तयार झालेलं पहिलं तेजस लढाऊ विमान उडालं. धावपट्टीवर आता दुसऱ्याच कुणाची तरी पोरं माना खाली घालून चालत असतील. माझ्याकडे ओटीत दोन नव्या मुली आल्या आहेत. त्यातली एक भराभर मोजते आणि ओठातल्या ओठात मोजते. मी तिला म्हटलं, समोरचीला ऐकू गेलं नाही तर ते मोजलंच नाही. ती माझ्यावर रागावली आहे. मला ते चालतं.

राहता राहिले तुमचे कान. इंजिनांनी नेले ते नेले, पण मशीन खिशात ठेवून ते परत येणार नाहीत. आमच्याकडच्या ईएनटीच्या डॉक्टरांची शनिवारी साडेदहाची वेळ घेतली आहे. मी खाली रिक्षा घेऊन उभी राहीन. काकूंनी हो म्हटलंय, त्यामुळे तुमचं मत विचारलेलं नाही.

तुमची,
तळमजल्यावरची सिस्टर