मंत्रिसाहेब, त्या पिकअपमध्ये माझी मिरची मावत नाही

माननीय मंत्रिमहोदय, स. न. वि. वि.

मी कडोलीचा. एक जुनी पिकअप आहे, हप्ते अजून फिटायचेत. बेळगावात रात्री भाजी भरायची आणि चोर्ला घाटातनं पहाटेपर्यंत म्हापशाला पोचवायची, हा माझा धंदा.

मंगळवारी घाटाच्या अलीकडं, कणकुंबीच्या पुढं खड्ड्यात मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. रात्रीचे दोन, वर पाऊस. जॅक चिखलात रुतायला लागला म्हणून खाली स्टेपनी घातली. पोरानं मोबाईलचा उजेड धरला, आणि मी गाडीखाली आडवा असताना फुटलेल्या टोमॅटोचं पाणी फळीतनं माझ्या मानेवर गळत होतं. म्हापशाला पोचायला दहा वाजले. दलालानं क्रेटचं झाकणसुद्धा उघडलं नाही. भाडं बुडालंच, वर मालाचे पैसेही माझ्याच बोडक्यावर. हा रस्ता पावसाळ्याआधी होणार म्हणाला होता आपण. कुठल्या पावसाळ्याआधी, ते विचारायचं आमच्याकडनं राहिलं.

त्याच आठवड्यात आपलं भाषण ऐकलं. परदेशी कंपन्या पिकअपच्या बाजारात उतरल्यात, आता शेतकऱ्याला निवड आहे म्हणे! साहेब, टोयोटाची हायलक्स 2022 साली आली. किंमत तेव्हा तिसावर लाख, आणि माल म्हणाल तर अर्धा टनही पेलत नाही. आमच्या बोलेरो, दोस्त या पिकअप सव्वा-दीड टन पाठीवर घेऊन घाट चढतात. (ओव्हरलोडचं विचारू नका, ते नाक्यावरच्यांना ठाऊक आहे.) इसुझूची डी-मॅक्स निदान माल तरी वाहते, पण ती बनते आंध्रात, श्रीसिटीला. हायलक्समधनं शेतकरी नव्हे, रिसॉर्टवाला हिंडणार. हौस म्हणून हिंडो बापडा, पण त्याला माझी निवड कशाला म्हणता?

बरं, ती हायलक्स बनते आपल्याच राज्यात, कर्नाटकात, बंगळूरजवळच्या बिडदीला. बेळगावापासनं पाचशेवर किलोमीटर. कारखान्यावर नाव कुणाचं? टोयोटा किर्लोस्कर. लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले याच जिल्ह्यात, गुर्लहोसूरला. 1888 मध्ये त्यांनी सायकलचं दुकान घातलं ते बेळगावात. पुढं नगरपालिकेनं जागा सोडायला लावली आणि 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. म्हणजे उद्योगाला इथनं वाट दाखवायची रीत जुनीच, तुमच्यावर एकट्यावर कशाला ढकलू? बेळगावातल्या उद्यमबागेतल्या भट्ट्यांत पोरं अजून लोखंड ओततात. अख्खी गाडी जोडायला मात्र आयटीआय झालेला माझा पुतण्या चाकणला गेला.

बेळगावजवळ हलग्याला विधिमंडळाच्या अधिवेशनासाठी कोट्यवधींचं सुवर्णसौध बांधलंत. वर्षातनं एकदा, थंडीत, तिथं दिवे लागतात. तेवढ्या दिवसांत हायवे चकाचक, आणि माझ्या घाटवाटेवरच्या जांबोटीकडं कुणाची गाडी वळत नाही. सीमावादाचा खटला 2004 पासनं सुप्रीम कोर्टात आहे. इकडं तुम्ही म्हणता बेळगाव आमचं, तिकडं महाराष्ट्रवाले म्हणतात आमचं. दोघांचं असलेल्या गावाचा रस्ता करायचा कुणी? अर्ज मराठीत दिला की "कन्नडात आणा", आणला की "साहेब बंगळूरला". 1956 साली राज्यांची फेरमांडणी झाली, तेव्हापासनं आमचे आजे, बाप, आता आम्ही, याच खिडकीपुढं उभे.

मागणी एकच: कणकुंबी ते गोव्याच्या हद्दीपर्यंतचा रस्ता.

तुटलेला पाटा पुरावा म्हणून सोबत पाठवणार होतो. पण भंगारवाला किलोवर पैसे देत होता, देऊन टाकला.

आपला,
कडोलीचा एक पिकअपवाला