नगरसेवक व्हायचं म्हणतोस

मुरबाड, २९ जुलै

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू बोलून मोकळा झालास आणि मी गप्प राहिलो. आईला वाटलं, रागावलो. तसं नाही रे, मला पटकन बोलता येत नाही, लिहिता येतं. "धंदा मार्गी लागला, आता नगरसेवक व्हायचं," असं तू म्हणालास आणि मला आपल्या मुरबाडचे नाना शंकरशेट आठवले. परवा, ३१ जुलैला, त्यांची पुण्यतिथी.

मूळ आडनाव मुरकुटे, जन्म १८०३चा. १८२२ला वडील गेले आणि एकोणीस वर्षांच्या पोरावर सगळी पेढी पडली. अरब, अफगाण व्यापारी बँक सोडून नानांकडे ठेवी ठेवायचे, असं सांगतात. तुझ्यासारखी सिमेंट-सळईची शंभर दुकानं विकत घेतली असती! पण मुंबईच्या कायदे कौन्सिलात ते बसले १८६२ साली, साठीला टेकल्यावर.

मधली चाळीस वर्षं कशात गेली बघ. बाई शिकली तर विधवा होते असं म्हणणाऱ्या काळात त्यांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली. १८४५पासून जमशेटजी जीजीभॉय यांच्यासोबत रेल्वेच्या मागे लागले, तेव्हा कुठे १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली. (आणि आपण मुरबाडकर अजून कल्याणपर्यंत एसटीतच हेलकावे खातोय. असो.) १८५२ला बॉम्बे असोसिएशन ही राजकीय संस्था निघाली, नाना पहिले अध्यक्ष. कायदे करणाऱ्या मंडळात इथली माणसं घ्या, असा अर्ज त्या मंडळींनी थेट विलायतेच्या पार्लमेंटकडे धाडला. १८५७ला तर बंडवाल्यांना सामील असल्याचा संशय सरकारने नानांवरच घेतला, पुरावा सापडला नाही. त्याच सरकारने पाच वर्षांनी त्यांना कौन्सिलात नेमलं.

नेमलं म्हणजे नेमलंच, मतंबितं काही नव्हती. प्रश्न विचारायचा हक्क नाही, अर्थसंकल्पावर चर्चा नाही, पुढ्यात येईल त्या विधेयकावर काय ते बोलायचं. आजच्या नगरसेवकाच्या हातात त्याहून जास्त असतं. तिथेही ते जेमतेम साडेतीन वर्षं होते, १८६५ला गेलेच.

त्यांच्यापाशी वाडवडिलांची इस्टेट होती आणि तुझ्यापाशी टेम्पोचे हप्ते आहेत, हे मला कळतं. उभा राहू नकोस असंही मी म्हणत नाही.

फक्त एक विचारायचं होतं. तुमच्या गल्लीतल्या नळाच्या अर्जाचं काय झालं? मार्चमध्ये दोन चकरा मारल्यास आणि सोडून दिलंस. कागद असतील तर शनिवारी येताना घेऊन ये, मी नव्याने नीट लिहून देतो. आईने वाल भिजत घालायचे ठरवलेत, तेव्हा जेवायच्या वेळेला पोच.

तुझा,
बाबा