मागच्या फोनवर राहून गेलेलं

लीड्स,
१८ ऑक्टोबर २०२५, धनत्रयोदशी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा पहिली आंघोळ. उटणं आहे माझ्याकडे, गेल्या वर्षीचं. भाजणीचं पार्सल पोचलं, वासही अगदी ताजा आहे. तब्येत चांगली आहे, दोन्ही वेळा जेवते. हे आधी सांगितलं म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

मागच्या फोनवर मला एडीएचडी (लक्ष टिकवणं, कामं वेळेत उरकणं अवघड जाणं) आणि ऑटिझम (मेंदूची जडणघडण वेगळी असणं) आहे असं सांगितलं, तेव्हा आई एकदम गप्प झाली आणि बाबांनी विचारलं, "डोक्यावर परिणाम वगैरे झालाय का?" नाही बाबा. हे दोन्ही लहानपणापासूनच असतात, मला त्यांची नावं तेहतिसाव्या वर्षी कळली, एवढंच. बोर्डात नंबर काढणाऱ्या मुलीला हे कसं असेल, असं आईला वाटतं. अभ्यास जमायचा गं. बिल वेळेत भरणं, आलेलं पाकीट उघडणं, हे जमत नाही. मार्चमध्ये माझ्या खणात एकोणीस बंद पाकिटं होती. त्यांतल्या तीन पाकिटांत दंड निघाला.

पैसे उडवलेले नाहीत. खाजगीत तपासणीचे अकराशे पौंड सांगितले, मी नको म्हटलं. इंग्लंडमध्ये 'राइट टू चूज' असा हक्क आहे. फॅमिली डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन एनएचएसशी, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेशी, करार असलेल्या दुसऱ्या संस्थेकडे जाता येतं. थांबावं तिथेही लागतं, पण तपासणीचा पैसा पडत नाही. औषधांसाठी ११४.५० पौंडांचा वर्षाचा पास काढला, त्यात कितीही चिठ्ठ्या चालतात. सवय लागेल ही काळजी करू नका, रक्तदाब, नाडी, वजन बघत बघत डोस वाढवलाय. गोळी फक्त एडीएचडीसाठी आहे, ऑटिझमला गोळी नसते.

नोकरीही शाबूत आहे. 'ॲक्सेस टू वर्क' नावाची सरकारी योजना आहे. मदत पगारावर ठरत नाही, परतफेड नाही. त्यातून आठवड्याला चार तास एक बाई येतात. माझं काम त्या करत नाहीत, माझ्याबरोबर बसून आधी काय, मग काय, ते कागदावर मांडून घेतात. साहेब आता काम तोंडी न सांगता लिहून देतात, आणि माझं टेबल दारापासून लांब हलवलंय. यात त्यांची मेहरबानी नाही, इथल्या २०१० च्या समानता कायद्याने अशा वाजवी सोयी द्याव्याच लागतात.

आता एक गोष्ट तुम्हाला विचित्र वाटेल, मलाही वाटली होती. दर शनिवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही सात-आठ जण जमतो, सगळे माझ्यासारखेच. फी नाही, चहाच्या डब्यात जमेल ते टाकायचं. आल्या आल्या प्रत्येकाने सांगायचं, आज मी काय करणार. मग पन्नास मिनिटं कुणी कुणाशी बोलायचं नाही. दुसऱ्याच्या कागदात डोकवायचं नाही, मदतही करायची नाही! एक आजोबा पिशवीभर टपाल आणतात, बोथट सुरीने पाकिटं फोडतात आणि तीन ढीग लावतात. पहिल्या दिवशी मी त्यांना "फोडून देऊ का?" विचारलं, तर ते दचकलेच. एक मुलगी तासभर एकच ईमेल लिहिते आणि तो गेला की हात वर करते. शेवटी काय झालं ते सांगायचं, राहिलं असेल तर तेही सांगायचं. कुणी का म्हणून विचारत नाही. याला 'बॉडी डबलिंग' म्हणतात. दुसरं माणूस नुसतं जवळ असलं तरी डोकं कामाला लागतं. माझी पाकिटं तिथे दोन शनिवारांत उघडली.

आणि तिथे बसल्यावर मला आपलं माजघर आठवलं. आई, दहावीला मी पुस्तक उघडलं की तू समोर लसूण सोलायला बसायचीस. एक शब्द नाही. तू उठलीस की मीही उठायचे, म्हणून लसूण संपला की शेंगा फोडायला घ्यायचीस. बाबा फीच्या तारखेला कालनिर्णयावर लाल गोल करायचे. इतकी वर्षं तुम्ही मला हेच देत होतात. "आमचं काय चुकलं" असं पुन्हा म्हणू नकोस. मी इथे एकटी आले आणि तो आधार सुटला.

म्हणूनच दादाचं सांगते. त्याची नोकरी सुटली की घरात जे बोलणं होतं ते थांबवा. गेल्या गणपतीत मीही सगळ्यांसमोर बोलले, ते रोज आठवतं. मी डॉक्टर नाही, पण त्याने एकदा दाखवावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. सिव्हिलला मानसोपचार विभागही आहे. आणि आई, तो अर्ज भरायला बसला की तू लसूण घेऊन शेजारी बस.

चिंगीच्या लग्नाचे दीड लाख शुक्रवारी पाठवलेत, हॉलचा ॲडव्हान्स त्यातून द्या. लग्नाला येतेच, तिकीट काढलंय. साखरपुड्याला मात्र नाही. रजा उरली नाही, तपासणीच्या दिवसांत संपली, आणि हे मी फोनवर लपवलं. बाबांच्या मोतीबिंदूचे पैसे वेगळे ठेवलेत, लांबवू नका. कराडच्या स्थळाला आत्याने माझ्याबद्दल काही सांगू नये, मीच पहिल्या फोनवर सांगेन. नको म्हणाले तर म्हणू द्या.

हे पत्र त्याच खोलीत लिहितेय. आजोबांचा तिसरा ढीग लागलाय. काय झालं ते सांगायची पाळी आता माझ्यावर येईल.

तुमची,
सोनू