डॉक्टर, तुम्ही आधी हात भिजवलेत

आदरणीय डॉक्टर,

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही लगेच विचारता, "ते राहू द्या, मासे खातायत ना?" म्हणून आज लिहूनच काढते, आणि मुद्दाम चारचौघांत लिहिते.

क्वारंटाइन टँकमधल्या क्लाउनफिशच्या अंगावर पांढुरका थर धरू लागला तेव्हा ज्यांना ज्यांना विचारलं, त्या प्रत्येकाने फोटोवरूनच निकाल दिला. "व्हाइट स्पॉट आहे, कॉपर टाका." म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, आणि त्यावर पाण्यात टाकायचं तांब्याचं औषध. मासे विकणाऱ्याने हेच सांगितलं, स्वतःला जाणकार म्हणवणाऱ्यांनीही हेच. कॉपर सुरू झालं, मासे खायचे थांबले. मग सल्ला आला, कॉपर वाढवा. श्वास किती भराभर चाललाय, ठिपके मोजता येण्यासारखे आहेत की कातडीच सुटून आल्यासारखी दिसतेय, हे एकानेही विचारलं नाही. मासे एकामागून एक जायला लागले तेव्हा त्यांच्यातला एक जण म्हणाला, "खाऱ्या पाण्यातले मासे असेच असतात, दुसरे घ्या." ते वाक्य अजून डोक्यातून गेलेलं नाही. ज्याचं पोट जिवंत प्राण्यांवर चालतं त्याच्या तोंडी ते शोभत नाही.

तुम्हालाही मी तोच फोटो पाठवला होता. तुम्ही म्हणालात, "फोटोवरून मी काहीच सांगणार नाही. कल्ल्याचा आणि कातडीचा नमुना बघावा लागेल." इतक्या खात्रीच्या उत्तरांनंतर विश्वास बसला तो या उत्तरावर. मेलेला मासा बर्फात ठेवलाय, तो आणू का, असं मी विचारलं. त्याचा उपयोग नाही म्हणालात. मासा मेला की परजीवी त्याला सोडून जातात किंवा मरून विरघळतात, नमुना जिवंत माशाचाच हवा. आणि आजारी मासा पिशवीत घालून हलवायला नको म्हणून मायक्रोस्कोप घेऊन तुम्हीच आलात.

पुढे तुम्ही जे केलंत ते तुमच्या लक्षातही नसेल. हातमोजे घातलेत, पण थेट माशाकडे गेला नाहीत. टँकमधलंच पाणी एका भांड्यात घेतलंत आणि दोन्ही हात त्यात बुडवलेत. तळवे, बोटांच्या मधली जागा, सगळं ओलं करून घेतलंत. एका मऊ फडक्याची घडी त्याच पाण्यात भिजवलीत, मासा त्यावर घेतलात आणि फडक्याचं टोक त्याच्या डोळ्यावर ओढलंत. त्याची तडफड थांबली. मी तोंड उघडायच्या आत म्हणालात, "कोरडा हात लावला तर अंगावरचा उरलासुरला चिकटाही निघून येतो. तोच तर त्याचा पहिला बचाव."

बोटभर मासा, तोही जगेल की नाही याची खात्री नसलेला. त्याला आपल्या हाताचा त्रास होऊ नये म्हणून तुम्ही सवयीने, काही न बोलता, तो अर्धा मिनिट दिलात. निदान, औषध, त्यानंतरचं सगळं माझ्या कामी आलंच, पण त्याआधीचे दिवस मी ज्या माणसांशी बोलत होते त्यांच्यात आणि तुमच्यात काय फरक आहे, ते मला त्या ओल्या हातांवरून कळलं. घरचे विचारतात, एका डॉक्टरचं एवढं काय घेऊन बसलीस. मी त्यांना हेच सांगते.

मग कव्हरस्लिपच्या, म्हणजे स्लाइडवर ठेवायच्या पातळ काचेच्या, कडेने छातीच्या पराजवळून हलकेच खरवडलंत, कल्ल्याच्या दोन-तीन तंतूंची टोकं कापून घेतलीत, टँकमधल्याच पाण्याच्या थेंबात ठेवलीत आणि बघायला लागलात. गोडं पाणी का नाही, तर त्यात पेशी फुगून फुटतात. थोड्या वेळाने बाजूला सरून मला बघायला दिलंत. घेवड्याच्या बीच्या आकाराचे ते जीव एका बाजूच्या केसांवर सरकत होते, पेशींच्या गर्दीतून वाट काढत. ब्रुकलिनेला हॉस्टिलिस नावाचा परजीवी. एकेक जेमतेम 0.05 मिलिमीटरच्या आसपासचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसायचा प्रश्नच नाही. दिसतो तो त्याने खरवडलेल्या कातडीचा आणि चिकट्याचा थर. आणि त्यालाच सगळे व्हाइट स्पॉट म्हणत होते.

कॉपर का चाललं नाही, हेही तुम्ही तिथेच समजावलंत. व्हाइट स्पॉटचा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, कातडीच्या आत दडून 3 ते 7 दिवस माशाला खातो, मग गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आतल्या आत विभागला जाऊन शेकडोच्या घरात पिल्लं सोडतो. ती मासा शोधत पाण्यात फिरतात, तेव्हा कॉपर त्यांना गाठतं. ब्रुकलिनेलाला अशी फिरती पिल्लं नसतात. तो माशाच्या अंगावरच दोनात विभागला जातो, पुन्हा पुन्हा. त्यामुळे पहिलं लक्षण आणि मृत्यू यांत कधी कधी काहीच दिवस असतात, आणि ते दिवस कॉपरच्या सल्ल्यांनी खाल्ले. वर कॉपरचा ताण त्या अशक्त माशांनी सोसला तो वेगळाच. हा जीव काही काल सापडलेला नाही. लोम आणि निग्रेली या शास्त्रज्ञांनी 1970 मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि क्लाउनफिशला तो इतका होतो की बाहेर त्याला क्लाउनफिशचाच रोग म्हणतात. माहिती होती, ती बघायची तसदी कुणी घेतली नाही. माझा राग आहे तो यावर.

उपचारांबद्दल जास्त लिहीत नाही. मात्रा इथे वाचून कुणी औषध टाकू नये, परजीवी मारायला तुम्ही वापरलेलं फॉर्मेलिन (फॉर्मल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण) तर नाहीच. ते माणसालाही घातक आहे. पण बाटलीची गोष्ट सांगायलाच हवी. फॉर्मेलिनची बाटली तुम्ही उजेडात धरलीत, तळाशी पांढरा गाळ दिसला आणि ती तिथेच बाजूला ठेवलीत. असा गाळ धरलेलं फॉर्मेलिन माशांना जास्त विषारी असतं. नवीन बाटली येईपर्यंत थांबलात, खिडक्या उघडायला लावल्यात. फॉर्मेलिन पाण्यातला ऑक्सिजन कमी करतं म्हणून हवेचा पंप पूर्ण जोरात, आणि मासे त्या पाण्यात होते तेवढा सगळा वेळ तुम्ही शेजारी बसून. ते एका कुशीवर आडवे पडले असते तर लगेच उचलायचं होतं. मी म्हणाले, तुम्ही जा, मी बघते. तुम्ही म्हणालात, "पहिल्या वेळी मी असतो." नंतर मासे जुन्या पाण्यात न सोडता नव्या स्वच्छ टँकमध्ये.

दोन वाचले. गेलेल्यांत सगळ्यांत मोठी मादी होती. उरलेल्यांतला मोठा आता तिची जागा घेतोय. क्लाउनफिशमध्ये मादी गेली की तिच्या जोडीचा नरच मादी होतो. धाकटा त्याच्यापुढे अंग थरथरवून नमतं घेतो आणि दोघंही हातातून खातात. खातायत, डॉक्टर, अगदी पोटभर.

एखाद्याला येत असतं आणि तरी तो "बघून सांगतो" म्हणतो, याचं मोल आपल्याकडे कमी आहे. ज्याला उत्तर लगेच सुचतं तो हुशार ठरतो. तुमच्यासारखी माणसं प्रत्येक क्षेत्रात असतील, शाळेत, दवाखान्यात, दुरुस्तीच्या दुकानात, आधी नीट बघणारी आणि मग बोलणारी. त्यांचं नाव फारसं होत नाही. कुणाच्या वाट्याला असा माणूस आला असेल तर त्याला कळवा, एवढं मनापासून वाटतं.

तुमच्या सांगण्याप्रमाणे मी साधा मायक्रोस्कोप घेतलाय. नवीन आलेल्या माशाचा नमुना मी काल काढला, हात भिजवूनच. स्लाइडचा फोटो वेगळा पाठवते. सरकणारं काही दिसत नाही. कल्ल्याच्या तंतूला लागून एक गोल आहे, काठ जाड आणि काळा, मध्ये स्वच्छ. मला तो हवेचा बुडबुडा वाटतो, पण ॲमिलोओडिनियम हा दुसरा परजीवीही चिकटून बसतो आणि हलत नाही असं तुम्हीच सांगितलं होतंत, म्हणून विचारते. फोटो पुरेसा नसेल तर तसं सांगा, नमुना पुन्हा काढते.

तुमची ऋणी,
दोन क्लाउनफिशची पालक