श्रद्धांजलीत श्रद्धाही हवी

संपादक महोदय,

श्रद्धांजली कशी लिहावी, याविषयीचा आपल्या अंकातील लेख वाचला. दिवंगताच्या धर्मश्रद्धेचा उल्लेख खासगी ठेवावा, हे लेखकाचे मत मला पटले नाही.

नुकतीच माझी एक ख्रिस्ती मैत्रीण वारली. तिच्याविषयी ‘प्रेमळ आई’ एवढेच लिहिणे म्हणजे तिचे अर्धे आयुष्य वगळणे. आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणे, अबोला धरलेल्या माणसाकडे आपणहून जाणे, हे सारे तिच्या प्रार्थनेतूनच येत असे. मी तिच्या धर्माची नाही, तरी मला ते स्पष्ट दिसत होते.

बायबलमध्ये, ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 9 व्या अध्यायात, टबीथा या परोपकारी शिष्येच्या मृत्यूनंतर विधवा रडत रडत तिने केलेले कपडे येशूचा शिष्य पेत्र याला दाखवतात. तिच्या गुणांची यादी तिथे कोणी वाचत नाही. बायबलमधल्याच, तीमथ्य या तरुण ख्रिस्ती सेवकाला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातही त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाची नावानिशी आठवण आहे. तेव्हा श्रद्धेचा उल्लेख जरूर व्हावा. मात्र त्या श्रद्धेने आईकडून काय करवून घेतले, तेही मुलांनी लिहावे आणि वृत्तपत्रांनी त्यासाठी चार ओळी अधिक द्याव्यात.

– एक वाचक