बाबा, यंदा दारफळणीला उपास नको

आग्रीपाडा, मुंबई

प्रिय आई, बाबा,

शालोम.

रोज फोन होतो, मग हे पत्र कशाला, असं बाबांना वाटेल. फोनवर हा विषय काढला की तुम्ही "बघू, अजून वेळ आहे" म्हणता आणि फोन आईकडे देता. म्हणून सगळं सलग लिहून पाठवतोय. नव्याचा सण, आपलं यहुदी नवं वर्ष, तोंडावर आलाय आणि तिश्री महिन्याच्या दहाव्याला दारफळणी, म्हणजे योम किप्पूरचा उपास. बाबा, यंदा उपास करू नका.

ताईनं गेल्या वर्षीचं सगळं सांगितलंय. नेइला, उपासाची शेवटची प्रार्थना, सुरू झाली आणि तुम्हाला दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, शेजारच्यांनी धरून बाकावर आडवं केलं. साखर 52 वर आलेली. तरी तुम्ही ओठ मिटून. ताईनं बोटानं गालाच्या आत साखर चोळली तेव्हा कुठे डोळे उघडलेत. इन्सुलिन चालू असताना पंचवीस तास पोटात काही नाही, हे चालणार नाही, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलंय.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. आपले बेने इस्राएल पूर्वज कोकणात नवगावच्या किनाऱ्याला लागले तेव्हा जहाजाबरोबर पुस्तकंही बुडाली. पुढे तिथेच तेलाचे घाणे चालवले, हिब्रू विसरले, मराठी बोलू लागले. पण शनिवारी घाणा बंद, मुलाची सुंता आठव्या दिवशी, शेमाची प्रार्थना तोंडपाठ आणि उपास कडक. गावानं नावच दिलं, शनिवार तेली. "ज्यांच्याकडे तोराचा धर्मग्रंथ नव्हता त्यांनी उपास राखला, आणि आपण औषधाचं निमित्त करून सोडायचा?" असं तुम्ही विचारता, तेव्हा माझ्याही अंगावर काटा येतो. त्या माणसांच्या हट्टामुळेच आज मी हे पत्र 'शालोम' लिहून सुरू करतोय.

पण बाबा, त्यांच्याकडे वाचायला काही नव्हतं. आपल्याकडे आहे. सामाजी हसाजी दिवेकरांनी 1796 साली मांडवीत शार हारहामिम सिनेगॉग उभारलं, 1846 साली इथेच मुंबईत मराठी अर्थासह वल्हांडणाला वाचायची हग्गादा छापली गेली. आपल्या माणसांना वाचून कळावं म्हणूनच ना हे सगळं? तर वाचूया.

तोराच्या लेवीय पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात म्हटलंय, हे नियम पाळून माणसानं जगावं. तलमुद या शास्त्रचर्चेच्या ग्रंथात, दारफळणीवरच्या 'योमा' भागाच्या शेवटी, त्यावर एवढंच जोडलंय: जगावं, त्यांच्यापायी मरू नये. त्याच योमाच्या आठव्या अध्यायात मिश्ना, म्हणजे तलमुदाचा मूळ नियमपाठ, सांगते की आजाऱ्याला जाणकारांच्या सांगण्यावरून खाऊ घालावं. मग तलमुदात चर्चा येते, डॉक्टर आणि आजारी यांचं जुळलं नाही तर? आजारी म्हणाला मला हवं आणि डॉक्टर म्हणाला गरज नाही, तर आजाऱ्याचं ऐका. हृदयाचं दुःख हृदयालाच ठाऊक, हे नीतिसूत्रातलं वचन त्याला आधार. आणि डॉक्टर म्हणाला खा, आजारी म्हणाला नको, तर डॉक्टरचं ऐका. दोन्हीकडून निकाल जेवणाच्याच बाजूचा. म्हणजे तुमच्या बाबतीत उपास न करणं ही सवलत नाही, तो हुकूमच आहे.

खायचं कसं तेही ठरलेलं आहे. मिश्नानं मोठ्या खजुराएवढं माप घातलंय. त्याहून कमी खायचं, काही मिनिटं थांबायचं, पुन्हा तेवढंच. पाण्याचंही तसंच, घोटाघोटानं. डॉक्टरांना तेवढं पुरेसं वाटलं तर तसं, नाहीतर ते सांगतील तेवढं. तिथल्या रब्बींनाही विचारा. ताई दोघांची गाठ घालून देईल.

आणि लपून खाऊ नका. यावर मी फार विचार केलाय. रामबाम, म्हणजे आपले थोर शास्त्रकार मायमोनिडीस, स्वतः वैद्य होते. शब्बाथला आजाऱ्यासाठी काम करायची वेळ आली तर ते पोरासोरांवर सोपवू नये, थोर जाणत्यांनी करावं, असं त्यांनी लिहिलंय. तुम्ही आयुष्यभर इथल्या आपल्या सिनेगॉगमध्ये पुढच्या रांगेत बसलात. तुमच्यासारख्यानं तेबाजवळ, प्रार्थनेच्या चौथऱ्यापाशी, बसून घोटभर पाणी घेतलं, तर मागच्या बाकावरचे मधुमेहवाले आजोबाही घेतील. कुणास ठाऊक, त्यांतला एखादा तुमच्याकडेच बघत असेल.

दारफळणीच्या दुपारी योना संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या वाचनाला तुमची आठवण येते. ते तुमच्याकडेच असायचं. आवाज खोल गेलेला, घसा कोरडा, तरी एक शब्द गिळायचा नाहीत. मध्येच रुमालातली सब्जाची डहाळी काढून मला हुंगायला द्यायचात आणि माझी भूक जरा मागे सरायची. त्या पुस्तकात योनाला आपल्या डोक्यावरच्या वेलीची कणव येते, आणि देव विचारतो: मग ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि इतकी गुरंढोरं असलेल्या निनवे शहराची कणव मला येऊ नये? पुस्तक तिथेच थांबतं. योनाचं उत्तर नाहीच. लहानपणी मला ते अर्धवट वाटायचं. आता वाटतं, गुराढोरांचीही गणती करणारा देव तुम्हाला भोवळ आलेली बघून खूश होत नसणार. सकाळच्या हाफ्ताराला, संदेष्ट्यांच्या वाचनात, यशयाही तेच बोलतो: लव्हाळ्यासारखी मान लववणं म्हणजे उपास का? भुकेल्याला आपली भाकर वाटा. तेवढं तर तुम्हाला बसल्या जागी जमेल. दुसऱ्या दिवशी शिळ्या सणाला दानधर्म करायची आपली रीत आहेच. यंदा तो जास्त करू.

इकडचं सांगतो. मागेन हसिदिम सिनेगॉगमध्ये दारफळणीला पांढऱ्या कपड्यांची गर्दी अजून होते. एरवीच्या दिवशी मात्र मिन्यानसाठी, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला लागणारे, दहा पुरुष जमवताना फोनाफोनी करावी लागते. दारफळणी पुष्कळदा दसऱ्याच्या आसपासच येते; कापडी बूट घालून सात रस्त्याकडून चालत जाताना दुकानांवर झेंडूची तोरणं लागलेली दिसतात आणि ओळखीचे दुकानदार वाट मोकळी करून देतात. मी उपास करणार आहे, बाबा, धडधाकट आहे म्हणून. तुमच्या वाटचाही माझ्याकडे लागला असं समजा, आणि त्यावर शास्त्रार्थ काढू नका.

आई, तू बायकांच्या बाजूला असशील, तुला बाबा दिसणार नाहीत. म्हणून पिशवीत खजूर आणि पाण्याची छोटी बाटली ताईच्या मुलाकडे दे, तो आजोबांजवळच बसतो. आणि उपास सोडायच्या पुऱ्यांचं सारण मला नीट लिहून पाठव. रवा किती भाजायचा ते सांगतेस, पण खोबरं कधी घालायचं ते दर वेळी राहतं.

तुम्हा दोघांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा. शाना तोवा. बाबा, हो म्हणून एका ओळीचा निरोप धाडा.

तुमचा मुलगा