टाकीत हात घालायला लावणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

माझ्या बोटीच्या डिझेलच्या टाकीचं दुखणं शोधून दिलंत, त्याचे आभार खरं तर तिथेच मानायचे होते. पण तुम्ही चिंधीला हात पुसलेत, "फिल्टर बघत राहा" म्हणालात आणि निघूनही गेलात. म्हणून हे उघड पत्र.

जुनी शिडाची बोट घेताना माणूस शिडं बघतो, दोर बघतो, डोलकाठी ठोकून बघतो. टाक्यांकडे कोण बघतं? त्या बोटीच्या पोटातच घडवलेल्या. आधी टाकी, मग तिच्यावर फळ्या, इंजिन, डेक. बाहेर काढायची तर अर्धी बोट सोलावी लागते. विकणाऱ्याने "टाक्या एकदम ठणठणीत" असं छातीठोकपणे सांगितलं होतं. त्या ठणठणीत टाकीतल्या डिझेलवर इंजिन धक्क्याला तासन्‌तास सुरळीत चालायचं आणि लाटा लागल्या की आचके देऊन बंद. म्हणजे नेमकं गरज असते तेव्हाच.

तुमच्याआधी आलेल्यांबद्दल बोलू नये म्हणतात, पण राहवत नाही. एकाने पायऱ्यांवरूनच डोकावून "इंजिन उचला, टाकी कापा, नवी बसवा" असं फर्मान सोडलं. खाली उतरायचेही कष्ट घेतले नाहीत. दुसरा फिल्टर बदलायचा, पैसे घ्यायचा, तो चोंदला की पुन्हा बदलायचा. फिल्टर मुळात का चोंदतो, हा प्रश्न त्याला पडतच नव्हता की परवडत नव्हता, देव जाणे. आणि दोघांचाही सूर एकच: नव्या मालकाला काय कळणार!

तुम्ही आधी डेकवरचं डिझेल भरायचं झाकण फिरवून काढलंत. त्यातली रबरी रिंग नखाने उचलून माझ्या तळहातावर ठेवलीत. जरा वाकवली तर तुकडाच पडला. पाणी आत येत होतं ते इथून. डिझेलपेक्षा पाणी जड, ते तळाशी जाऊन बसतं. दोघांच्या सीमेवर जिवाणू पोसतात आणि त्यांचा गाळ साचतो. डिझेल ओढणारी नळी तळाच्या थोडी वर असते, म्हणून बोट स्थिर असताना सगळं आलबेल. हिंदकळली की गाळ उठतो आणि सरळ फिल्टरमध्ये. कुणीतरी हे इतक्या साधेपणाने सांगावं म्हणून मी किती वाट बघितली असेल!

पुढे टाकी कशी रिकामी केली, तिच्या माथ्याला हात जाईल असं भोक पाडून झाकण कुठे बसवलं, ते इथे सांगत बसत नाही. मनात घर करून राहिलंय ते वेगळंच. तुम्ही फळ्यांवर पालथे झोपून खांद्यापर्यंत हात आत घातलात, थोडा वेळ चाचपलंत, आणि मला वाटलं आता निकाल सांगणार. तर तुम्ही सरकून जागा केलीत आणि म्हणालात, "आता तुम्ही हात घाला." बोटांना आधी तो बुळबुळीत थर लागला, मग एक उभी भिंत. "लागली? डिझेल डचमळू नये म्हणून असते ती. तिच्या खालच्या फटीतून पलीकडे जा. तिथेही गाळ आहे ना? मग एका झाकणाने भागायचं नाही. प्रत्येक कप्प्याला वेगळं लागेल." स्वतःच्या बोटीत मी त्या दिवशी पहिल्यांदा मालकासारखा वागलो, काका. तुम्ही तसं वागवलंत म्हणून.

जाणकार पुष्कळ भेटतात. आपलं ज्ञान समोरच्याच्या डोक्यावर न आपटता त्याच्या हातात देणारी माणसं मात्र विरळा. भल्या माणसांवर लिहायचं तर पानं पुरणार नाहीत, आणि तुम्हाला ते आवडायचंही नाही.

आता पाण्याची टाकी उघडायची आहे. ती स्टीलची. तिच्यात क्लोरीनचं द्रावण घालून खुशाल मुक्कामाला ठेव, असा सल्ला आत्ताच कुणीतरी देऊन गेलंय. तसं मुरत ठेवलं तर स्टीलला, विशेषतः वेल्डिंगच्या सांध्यांना, बारीक खड्डे पडतात, एवढं आता मलाही ठाऊक आहे. तरी सांधे एकदा तुमच्या नजरेखालून जावेत असं वाटतं. सवड काढून याल का? या खेपेला आधी हात मी घालतो, तुम्ही मागून तपासा.

तुमचा,
शेजारच्या बोटीवरचा